भयानकाचा आश्रय आणि आलंबन : शर्ली जॅक्सन यांच्या दोन कादंबऱ्यांतील सदोष नायिका

मराठी समीक्षेत भयकथेचा विचार बहुधा दोन वाटांनी होत आला आहे. एक तर तिला रंजनप्रधान वाङ्मयाच्या खात्यावर मांडून मोकळे व्हावयाचे, किंवा तिच्यातील अतिमानुषाच्या खरेखोटेपणाची चिकित्सा करीत बसावयाचे. भयकथेतील पात्राच्या, त्यातही स्त्रीपात्राच्या, नैतिक घडणीकडे या दोन्ही वाटांनी जाणाऱ्या समीक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन (१९१६–१९६५) यांच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’ (१९५९) आणि ‘वुई हॅव ऑलवेज लिव्हड् इन द कॅसल’ (१९६२) या दोन कादंबऱ्यांच्या आधारे एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. भयकथेच्या केंद्रस्थानी असलेली स्त्री अन्यायग्रस्तही आहे आणि अपराधीही आहे, अशा वेळी वाचकाला वाटणारे भय नेमके कशाचे असते?

जॅक्सन यांचे नाव मराठी वाचकाला परिचित असेलच तर ते ‘द लॉटरी’ या कथेमुळे. २६ जून १९४८ च्या ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात ही कथा प्रसिद्ध झाली आणि संतप्त वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. एका खेड्यात दरवर्षी चिठ्ठ्या टाकून एका माणसाची निवड होते आणि त्याला दगडांनी ठार मारले जाते, एवढेच तिचे कथानक. समूहाच्या निर्बुद्ध क्रौर्याची कथा म्हणून ती शिकविली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र एक तपशील शिकविताना बहुधा निसटतो. चिठ्ठी आपल्या कुटुंबाच्या वाट्याला आली आहे असे दिसताच टेसी हचिन्सन ही बळी ठरणारी स्त्री, आपल्या विवाहित मुलीला व जावयालाही सोडतीत धरावे अशी मागणी करते. स्वतःवरील संकटाची शक्यता थोडी कमी व्हावी म्हणून पोटच्या मुलीला पुढे ढकलणारी ही आई दगडांखाली मरते, तेव्हा तिच्याविषयी वाटणारी करुणा निर्भेळ राहत नाही. येथे जे एका वाक्यापुरते आहे तेच पुढील दोन कादंबऱ्यांत विस्तार पावले आहे.

१

भयानक रसाची जी मांडणी संस्कृत साहित्यशास्त्रात आढळते तिच्यापासून प्रारंभ करणे येथे उद्बोधक ठरेल. भय हा या रसाचा स्थायीभाव. ज्याच्यापासून भय उत्पन्न होते ते आलंबन, आणि ज्याच्या ठिकाणी भय उत्पन्न होते तो आश्रय. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त या रसाचा आश्रय म्हणून स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा निर्देश केला आहे. भिणे हे उत्तम प्रकृतीच्या पुरुषाला शोभत नाही, ही त्यामागील धारणा उघड आहे. म्हणजे शास्त्राने भयानकाच्या व्यवहारात स्त्रीला जागा दिली ती भिणाऱ्याची.

लोकपरंपरेने मात्र तिला नेमकी उलट जागा दिली. हडळ, जखीण, लावसट, अळवंत ही मराठीतील नावे पाहावीत. प्रांतागणिक त्यांचे अर्थ थोडेफार बदलत असले, तरी त्यांमागील वर्गीकरणाचे तत्त्व स्पष्ट आहे. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे भूत ते अळवंत. सवाष्णपणी मेलेलीचे ते जखीण. विधवेचे ते लावसट. स्त्री मरताना कोणाची कोण होती, यावरून तिच्या भुताचे नाव ठरते. जिवंतपणी तिचे जे स्थान कुटुंबाने ठरविले तेच मेल्यावरही तिच्या मागे येते. या नावांत स्त्री भयाचे आलंबन आहे, परंतु त्यातही एक प्रकारची सोय आहे. ती दुष्ट झाली ती तिच्या अपुऱ्या राहिलेल्या वासनेमुळे किंवा तिच्यावर झालेल्या अन्यायामुळे. तिची शांती करता येते. तिला काही देऊन परत पाठविता येते. तिच्या दुष्टपणाला कारण असल्यामुळे तो तिचा स्वतःचा राहत नाही.

विसाव्या शतकातील मराठी भयकथेने या परंपरेशी आपापल्या परीने नाते जोडले. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथांत संकटात सापडलेल्यांच्या साहाय्याला एक जाणकार, अधिकारी पुरुष येतो आणि बिघडलेली व्यवस्था पूर्ववत करतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेने भयाचे मूळ बऱ्याच अंशी माणसाच्या मनात शोधले. हे लेखक येथे तुलनेसाठी नव्हे, केवळ दिशा सांगण्यासाठी उल्लेखिले आहेत. जॅक्सन यांच्या कादंबऱ्यांत जाणकार पुरुष येतो, पण तो कामास येत नाही. आणि मनाचा शोध घ्यावा तर ते मन वाचकाला फसविण्यात पटाईत आहे.

२

‘हिल हाऊस’ची नायिका एलिनॉर व्हान्स बत्तीस वर्षांची, अविवाहित आहे. अकरा वर्षे तिने आजारी आईची शुश्रूषा केली. आई गेल्यावर ती विवाहित बहिणीच्या घरी, भाचीच्या खोलीत एका खाटेवर झोपते. मानवशास्त्राचे अभ्यासक डॉ. माँटेग्यू एका झपाटलेल्या वाड्याचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी ज्यांच्या आयुष्यात काही अतींद्रिय घडले आहे अशा व्यक्तींना निमंत्रणे पाठवितात. एलिनॉरला निमंत्रण येते, कारण ती बारा वर्षांची असताना, वडील वारल्यानंतर महिनाभराच्या आत, तिच्या घरावर तीन दिवस दगडांचा वर्षाव झाला होता.

मराठी वाचकाला ही परिस्थिती परकी वाटण्याचे कारण नाही. विभावरी शिरूरकर (मालतीबाई बेडेकर) यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहापासून, कुटुंबाच्या गरजेपायी अविवाहित राहिलेल्या किंवा ठेवल्या गेलेल्या मुलीचे दुःख मराठी कथेत आले आहे. तेथील दुःखाचा सूर सहानुभूतीला आवाहन करणारा आहे. जॅक्सनही सुरुवातीला तेच आवाहन करतात, आणि वाचक एलिनॉरच्या बाजूचा होताच एकेक अवघड गोष्ट त्याच्यापुढे ठेवतात. आई मेल्यानंतर जगात तिला खरा द्वेष वाटतो तो बहिणीचा. मेहुणा आणि पाच वर्षांची भाचीही तिला आवडत नाहीत. मोटार दोघी बहिणींच्या मालकीची. बहीण ती देण्यास नकार देते, म्हणून एलिनॉर पहाटे न सांगता ती घेऊन निघते. वाचक या पळून जाण्यावर खूष होतो. परंतु निघता निघता ती एका म्हातारीला धडकते आणि तिच्या हातातील खाद्यपदार्थांचे पुडके खाली पडून नासते. प्रसंग किरकोळ आहे. जॅक्सन तो वगळू शकल्या असत्या. त्यांनी तो ठेवला, कारण मुक्तीच्या पहिल्याच पावलाखाली दुसऱ्या कोणाचे तरी काही चिरडले जाते, हे त्यांना नोंदवावयाचे होते.

प्रवासात एलिनॉर वाटेवरील दृश्यांची आपल्या संसारासाठी उचल करते. एका घरासमोरचे दगडी सिंह ती मनोमन आपल्या दाराशी बसविते. एका उपाहारगृहात एक लहान मुलगी आपल्या तारे काढलेल्या पेल्याशिवाय दूध पिण्यास नकार देते. तो पेलाही एलिनॉर मनात ठेवून घेते. पुढे वाड्यात थिओडोरा या दुसऱ्या पाहुणीला आपल्या घराचे वर्णन सांगताना हे सिंह आणि हा पेला ती स्वतःच्या वस्तू म्हणून सांगते. तिला घर नाही, हे सत्य. आणि तिने सांगितलेले घर चोरीच्या तुकड्यांनी बांधलेले आहे, हेही सत्य. खोटे बोलणाऱ्या माणसाविषयी कणव वाटावी आणि त्याच वेळी त्याचा भरवसा वाटू नये, अशा दुहेरी स्थितीत वाचकाला ठेवणे ही जॅक्सन यांची खरी पकड आहे. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते एलिनॉरच्या जाणिवेला इतके चिकटून चालते की वाचकाजवळ तिच्यापलीकडचा साक्षीदार फारसा उरत नाही.

वाड्यातील अतिमानुष घटना तशा मोजक्या आहेत: रात्री दारांवर पडणारे प्रचंड ठोके, भिंतीवर उमटलेली एलिनॉरच्या नावाची हाक, थिओडोराच्या कपड्यांवर आढळलेला लाल डाग, अंधारात हातात धरलेला हात आणि दिवे लागल्यावर तो कोणाचा असेल हा अनुत्तरित प्रश्न. या घटना वाडा करतो, की वाड्यात राहणारे कोणी करते, की नकळत एलिनॉरच करते? त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये अद्भुताचे लक्षण म्हणून नैसर्गिक व अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील जो संभ्रम सांगितला त्याचे हे ठळक उदाहरण होय, असे म्हणता येईल. हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या दीर्घकथेबाबत एडमंड विल्सन यांनी १९३४ मध्ये भुते ही त्या शिक्षिकेच्या मनाची निर्मिती असल्याचा पक्ष मांडल्यापासून असा वाद इंग्रजी समीक्षेत सतत चालू आहे. परंतु ‘हिल हाऊस’पुरता हा वाद फारसा फलदायी नाही. ठोके कोणाचे, यापेक्षा त्या ठोक्यांनी एलिनॉरला कशाची आठवण होते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

पहिल्यांदा ठोके ऐकून अर्धवट झोपेत ती आईलाच उत्तर देऊ लागते. आई भिंतीवर ठोकून तिला बोलावीत असे. पुढे ती सांगते की, आई वारली त्या रात्रीही ती ठोकत होती, हाका मारीत होती. औषध द्यावयास हवे होते, पण आपण उठलो नाही. आणि मग ती आणखी एक शक्यता बोलून दाखविते: कदाचित आपण जागे झालो असू, ऐकले असेल आणि पुन्हा झोपी गेलो असू. संपूर्ण कादंबरीतील सर्वांत भयप्रद स्थळ हेच होय. अकरा वर्षे राबलेल्या मुलीची एका रात्रीची झोप हा अपराध कसा, असे वाचकाला म्हणावेसे वाटते. परंतु तो अपराध नव्हता असे कादंबरी एकदाही म्हणत नाही, आणि तो होता असेही म्हणत नाही. एलिनॉरला स्वतःलाच ते ठाऊक नाही. आपण काय केले हे माहीत नसणे, आणि जे केले असेल ते मनापासून हवे होते असा संशय असणे, यातून उत्पन्न होणाऱ्या भयाला कोणत्याही मांत्रिकाकडे उतारा नाही.

थिओडोराशी असलेल्या तिच्या नात्याचेही असेच. आधी बहिणीसारखा जिव्हाळा, नंतर मत्सर, मग तिच्या पायांशी बसलेल्या थिओडोराला काठीने मारावे, दगडांनी ठेचावे असा विचार. दगडांचा हा उल्लेख सहज आलेला नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या घरावर पडलेले दगड कोठून आले असतील, याचे उत्तर वाचकाला येथे जवळजवळ मिळते; आणि त्याच एलिनॉरने थोड्याच वेळात थिओडोराकडे, मला तुझ्या घरी राहू दे, अशी याचना करावी यातील विसंगती अत्यंत मानवी आहे. थिओडोराचा नकार क्रूर आहे, पण अन्याय्य नाही. ज्या बाईने चार दिवसांच्या ओळखीवर दुसरीच्या घरात कायमचे येऊन राहण्याचे ठरविले, तिला नाही म्हणण्याचा अधिकार थिओडोराला आहेच.

शेवटच्या रात्री एलिनॉर अंथरुणातून उठते आणि वाड्यातून धावत सुटते. इतरांच्या दारांवर ती स्वतः ठोके मारते. ज्या ठोक्यांनी आपण भ्यालो तेच ठोके आता आपण मारीत आहोत, याचा तिला आनंद होतो. येथे शास्त्रातील दोन जागा एक होतात. भयाचा आश्रय असलेली स्त्री त्याच भयाचे आलंबन बनते, आणि हा बदल तिला मुक्तीसारखा वाटतो. तिला वाड्यातून पाठवून देण्याचा निर्णय होतो. निघताना ती मोटार झाडावर घालते. त्या अखेरच्या क्षणी तिच्या मनात जो प्रश्न येतो तो, हे लोक मला थांबवीत का नाहीत, अशा आशयाचा आहे. स्वतःचा म्हणून केलेला एकमेव निर्णय आणि तोही पुरता स्वतःचा नसल्याची जाणीव एकाच क्षणात येते. त्यानंतर कादंबरी आरंभीच्याच वर्णनाकडे जवळजवळ त्याच शब्दांत वळते. वाडा होता तसा उभा असतो.

डॉ. माँटेग्यू यांच्या पत्नीचे प्लँचेट घेऊन वाड्यात येणे हा भाग विनोदी आहे आणि काही वाचकांना तो रसभंग करणारा वाटतो. त्या मताशी सहमत होता येत नाही. मृतात्म्यांविषयी सर्व काही ठाऊक असलेल्या या बाईला वाड्यात काहीही जाणवत नाही. तिचा आत्मविश्वास हेच तिचे कवच आहे. ज्यांना आपल्या चांगुलपणाची खात्री आहे त्यांना हिल हाऊस काही करू शकत नाही.

३

‘कॅसल’मधील मेरी कॅथरीन ब्लॅकवूड, म्हणजेच मेरिकॅट, हिचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण तिच्याबाबतीत संशयाला जागा नाही. ती अठरा वर्षांची आहे. थोरली बहीण कॉन्स्टन्स अठ्ठावीस वर्षांची. सहा वर्षांपूर्वी एका रात्री जेवणानंतरच्या फळांवर घेतलेल्या साखरेत सोमल होता आणि आई, वडील, काकू व दहा वर्षांचा भाऊ असे चौघे मेले. थोडी साखर घेतलेले ज्युलियनकाका वाचले, पण पंगू झाले. कॉन्स्टन्सने साखर घेतली नव्हती आणि पोलीस येण्यापूर्वी साखरेचे भांडे धुऊन ठेवले होते. तिच्यावर खटला झाला, ती निर्दोष सुटली. मेरिकॅटला त्या रात्री शिक्षा म्हणून उपाशी झोपावयास पाठविले होते. विष तिने घातले, हे कादंबरीच्या उत्तरार्धात ती स्वतःच सांगते, आणि कॉन्स्टन्स म्हणते की तिला ते तेव्हापासूनच ठाऊक होते.

निवेदन मेरिकॅटचे आहे. आठवड्यातून दोनदा ती गावात किराणा व ग्रंथालयातील पुस्तके आणावयास जाते आणि गावकरी तिला टोमणे मारतात, पोरे विषाचे गाणे म्हणतात. पहिल्या प्रकरणातील या वाटचालीत वाचक तिचा पुरता पक्षपाती होतो. ती जमिनीत चांदीची नाणी पुरते, झाडाला वही ठोकते, तीन शब्द निवडून ते कोणी उच्चारीत नाही तोवर संकट येणार नाही असे ठरविते. हे सारे आपल्याला बालिश आणि लोभस वाटते. ती मनातल्या मनात गावकऱ्यांना मेलेले पाहते, तेही आपण चालवून घेतो. ती अठराची असून बारा वर्षांच्या मुलीसारखी बोलते, हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. ज्या वयात तिने अपराध केला त्या वयातच ती थांबली आहे.

येथे समीक्षेतील एका प्रवृत्तीचा विचार करणे अवश्य आहे. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबर यांच्या ‘द मॅडवुमन इन द ॲटिक’ (१९७९) या ग्रंथानंतर, कादंबरीतील वेड्या किंवा हिंस्र स्त्रीकडे पितृसत्ताक व्यवस्थेने कोंडलेल्या क्रोधाचा आविष्कार म्हणून पाहण्याची रीत रूढ झाली. त्या रीतीने पुष्कळ दिले. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’ (१८४७) मधील माळ्यावर कोंडलेली बर्था आज कोणी निव्वळ राक्षसी म्हणून वाचणार नाही. शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) ही कथा तर या दृष्टीशिवाय पुरती उलगडतच नाही. ही रीत मेरिकॅटला लावावयाची तर तिच्या कृत्यामागे पुरेसा अन्याय शोधावा लागतो. म्हणून मग वडिलांनी काही अनन्वित केले असले पाहिजे, असे अनुमान केले जाते. मात्र संहितेत त्याचा आधार मिळत नाही. वडील पैशाचे हिशेब ठेवणारे, कडक गृहस्थ होते. मेरिकॅटला वरचेवर उपाशी झोपविले जाई. एवढेच. दहा वर्षांच्या भावाने काय केले होते, हा प्रश्न तर अशा वाचनात विचारलाच जात नाही.

वस्तुतः कारणाची ही निकड लोकपरंपरेतील लावसट-अळवंताच्या तर्काहून निराळी नाही. स्त्री भयंकर झाली, त्याअर्थी तिच्यावर काही झाले असले पाहिजे. दोन्हींत दयाभाव आहे, आणि दोन्हींत स्त्रीचे कर्तृत्व, मग ते दुष्कृत्याचे का असेना, तिच्याकडून काढून घेतले जाते. जॅक्सन यांनी मेरिकॅटच्या कृत्याला अपुरे कारण दिले आहे, आणि ते जाणूनबुजून अपुरे ठेवले आहे. शिक्षा आणि अपराध यांचे माप जुळत नाही. बागेतील उन्हाळी घरात बसून ती एक कल्पना रंगविते: मेलेले सारे कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती बसले आहे आणि एकमेकांना बजावीत आहे की आपल्या लाडक्या मेरी कॅथरीनला कधीही शिक्षा होता कामा नये, भावाने आपले ताट तिला द्यावे. हे दृश्य हास्यास्पद आणि भेसूर आहे. ज्यांना मारले त्यांच्याकडूनच लाड करून घेण्याची ही हौस पश्चात्तापाच्या अभावाचे चित्र म्हणून अजोड ठरते. आणि तरीही, जिला कोणीच लाडके म्हटले नाही अशा मुलीची भूक त्यात दिसते. यांपैकी एक वाचन खरे मानून दुसरे सोडता येत नाही.

ज्युलियनकाका एका प्रसंगी सांगून टाकतात की त्यांची पुतणी मेरी कॅथरीन खटल्याच्या काळात अनाथालयात हेळसांड होऊन मेली. ती त्याच घरात त्यांच्यासमोर वावरत असते. काकांचे मन थकले आहे, हे उघड स्पष्टीकरण. पण सहा वर्षांत हा म्हातारा तिच्याशी बोललेला नाही, हे त्यानंतर मागे वळून वाचताना ध्यानात येते आणि अंगावर काटा येतो.

कॉन्स्टन्सकडे मेरिकॅटच्या तुलनेने समीक्षकांचे लक्ष कमी गेले आहे. खरे तर या कादंबरीतील अधिक गुंतागुंतीची स्त्री तीच. ती सुंदर, गोड बोलणारी, सुगरण. खटल्यानंतर बागेच्या पलीकडे न गेलेली. घर तिच्या स्वयंपाकघराभोवती फिरते. तळघरात ब्लॅकवूड घराण्यातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्त्रियांनी भरून ठेवलेल्या मुरंब्यांच्या व लोणच्यांच्या बरण्या आहेत. कॉन्स्टन्स त्यांत आपली भर घालते, आणि जुन्या बरण्यांतील खाल्ले तर मरू, असे शांतपणे सांगते. अन्नपूर्णेच्या कोठारातच विष साठते आहे, या प्रतिमेला भाष्याची गरज नाही. धाकट्या बहिणीला विषारी वनस्पती ओळखावयास शिकविल्या त्या कॉन्स्टन्सनेच. भांडे धुतले ते तिने. त्यात कोळी होता, असे तिने सांगितले. मेलेली माणसे मरावयाच्याच लायकीची होती, असे पोलिसांना सांगणारीही तीच. तिने कोणाला मारले नाही. पण मेरिकॅटने विष साखरेत घातले, कारण कॉन्स्टन्स साखर खात नाही. म्हणजे त्या रात्रीची सारी योजना तिला वगळून, तिच्यासाठी केलेली होती. जिच्या प्रेमाखातर चार जीव गेले, तिने ते प्रेम नाकारले नाही. सहा वर्षे ती मारेकरीण म्हणून जगाची नजर सोसते आणि खऱ्या मारेकरणीला रोज जेवू घालते. याला त्याग म्हणावे, भय म्हणावे, की मूक संमती? कादंबरीने तिन्ही शब्दांना वाव ठेवला आहे.

चुलतभाऊ चार्ल्स येतो तेव्हा कॉन्स्टन्सला बाहेरच्या जगाचा मोह पडतो. चार्ल्सचे लक्ष तिजोरीवर आहे, हे खरे. पण त्याचे काही म्हणणे बरोबरही आहे: काकांना रुग्णालयात ठेवावे, मुलींनी माणसांत मिसळावे. लोभी माणसाच्या तोंडी शहाणपणाच्या गोष्टी घालून जॅक्सन यांनी वाचकाची आणखी एक सोय काढून घेतली आहे. मेरिकॅट त्याची पेटती चिलीम कचऱ्याच्या टोपलीत ढकलते. आग लागते, गावकरी येतात. आग विझविणाऱ्यांचा प्रमुख काम पुरे झाल्यावर आपले शिरस्त्राण उतरवितो आणि पहिला दगड तोच मारतो. ‘द लॉटरी’तील जमाव येथे पुन्हा अवतरतो, फरक एवढाच की या वेळी ज्यांच्यावर दगड पडतात त्यांतील एक जण खरोखरच अपराधी आहे, आणि ती कोण हे जमावाला माहीत नाही. त्याच रात्री ज्युलियनकाका मरतात. हा पाचवा मृत्यू मेरिकॅटच्या खात्यावर घालावा की नाही, याविषयी ती स्वतः काही बोलत नाही. काकांशी अधिक प्रेमाने वागले पाहिजे, असे मात्र ती पूर्वी वारंवार ठरवीत असे.

४

जॅक्सन यांच्या चरित्राचा आधार घेऊन या नायिकांचा उलगडा करण्याचे प्रयत्न झाले आहेत. ज्युडी ओपनहायमर (१९८८) आणि रुथ फ्रँकलिन (२०१६) यांची चरित्रे उपलब्ध आहेत. समीक्षक पती स्टॅन्ली एडगर हायमन, चार मुले, व्हर्मांटमधील नॉर्थ बेनिंग्टन हे छोटे गाव, आणि ‘कॅसल’च्या प्रकाशनानंतर घराबाहेर पडण्याचीच वाटू लागलेली धास्ती, हे तपशील कादंबऱ्यांशेजारी ठेवले की साम्ये दिसतात. परंतु याच लेखिकेने ‘लाइफ अमंग द सॅव्हेजेस’ (१९५३) आणि ‘रेझिंग डेमन्स’ (१९५७) ही संसाराची खुसखुशीत चित्रणेही लिहिली. ती वाचताना जाणवते की घराचे तपशील तेच आहेत: स्वयंपाक, मुलांचे हट्ट, हरविलेल्या वस्तू. गृहिणीला दिवसभरात जे शंभर बारीकसारीक द्वेष गिळावे लागतात ते विनोदी पुस्तकांत हसण्यावारी नेलेले आहेत, आणि कादंबऱ्यांत ते न गिळता पूर्ण केलेले आहेत. चरित्रापेक्षा ही दोन प्रकारची पुस्तके शेजारीशेजारी वाचणे अधिक लाभदायक ठरेल.

एलिनॉर आणि मेरिकॅट यांच्यात एक मोठा फरक मात्र नोंदवावयास हवा. एलिनॉरला आपल्या अपराधाची खात्री नाही आणि ती त्याने मरते. मेरिकॅटला खात्री आहे आणि ती सुखी आहे. जळून छप्पर गेलेल्या घरात, स्वयंपाकघरापुरता संसार मांडून, दारे-खिडक्या बंद करून दोघी बहिणी राहतात. घरावर वेली चढतात. आपण फार आनंदात आहोत, असे मेरिकॅट सांगते, आणि तिच्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण वाचकाला सापडत नाही. अपराध्याला शिक्षा झाली नाही म्हणून अस्वस्थ व्हावे, तर ज्या गावाने शिक्षा करू पाहिली त्याची बाजू घ्यावी लागते. तिच्या सुखात सुख मानावे, तर त्या दहा वर्षांच्या मुलाला विसरावे लागते. ‘हिल हाऊस’मध्ये आश्रय आणि आलंबन एका देहात एकत्र आले होते. ‘कॅसल’मध्ये मेरिकॅटला भय जवळजवळ वाटेनासेच झाले आहे, आणि आश्रयाची रिकामी जागा भरण्यास वाचकावाचून कोणी उरत नाही.

गावकरी मात्र आपली सोय करून घेतात. नासधुशीच्या रात्रीनंतर काही दिवसांनी ते गुपचूप येऊन दाराशी अन्न ठेवू लागतात: भाजलेली कोंबडी, पाव, अंडी, कोणी मोडलेल्या खुर्चीबद्दल चिठ्ठी ठेवून जातो. अंधार पडल्यावर येतात, मोठ्याने बोलत नाहीत, मुलांना त्या घराजवळ फिरकू देत नाहीत. मराठी वाचकाला हा विधी ओळखू येईल. तिन्हीसांजेला वेशीवर ठेवलेल्या दहीभाताचा, ज्याकडे मागे वळून पाहावयाचे नसते त्या उताऱ्याचा, हा सगोत्र आहे. जिवंत आणि धडधाकट अशा दोन स्त्रियांना गावाने भुतांच्या पंक्तीला बसविले आहे, आणि ज्या अन्नाच्या भयाने सहा वर्षे कोणी त्या घरचा घास घेतला नसता, तेच भय आता उलट दिशेने, अन्नाच्याच रूपाने, त्यांच्या दाराशी पोहोचते आहे. दार किलकिले करून कॉन्स्टन्स ती टोपली आत घेते, पदार्थ नीट झाला आहे की नाही ते पाहते, आणि भांडी धुऊन परत दाराबाहेर ठेवते.